तिसऱ्या ताऱ्यापर्यंतची वात

आमच्या गल्लीत एकच दिवस तीनदा सुरू होतो. समोरच्या आजींचा सूर्य उगवला की सुरू होतो. पप्पा मालगाडीचे गार्ड, त्यांच्या रेल्वेचा रात्री बाराला. आणि आमच्या घराचा सूर्य बुडला की. लोकं दुकानं आवरायला लागतात तवा आमचं शटर वर जातं, असं मी सगळ्यांना सांगतो.

सोलापूरजवळ होटगीला शाळेत होतो तवा हे समजावताना माझी लई पंचाईत व्हायची. आमचे एक सर पान एका गालात दाबून बोलायचे. त्यांचा आवाज मी अजून काढतो, कॉलेजच्या गॅदरिंगला टाळ्या मिळतात. सर म्हणाले, "म्हंजे बग, तुमचा सोमवार रविवारी संध्याकाळी सुरू हुतो. मग रविवारी संध्याकाळी शाळेला का येत न्हाईस?" मी म्हणालो, "येतो की सर. तुमी पण या." वर्ग हसला, मला पट्टी बसली. पण सर पट्टी मारताना दुसरीकडं बघत होते आणि त्यांचा पानाचा गाल हलत होता, म्हणजे त्यांना पण हसू आलं होतं.

आमी ज्यू. बेने इस्राएल. कोकणातनं आलेले, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. नवा माणूस विचारतो, म्हणजे ख्रिश्चन का? मी सांगतो, त्यांच्या आधीचे. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवायचे. म्हणून लोकं त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मला हे नाव लई आवडतं. शाळेत असताना एकानं चिडवायला वापरलं, तर मी त्यालाच विचारलं, तुझ्या पणज्याला दर आठवड्याला हक्काची सुट्टी होती का?

आजोबा रेल्वेच्या नोकरीनं सोलापूरला आले तवा हितं आमची बरीच घरं होती, असं पप्पा सांगतात. मग एकेक घर मुंबईला, ठाण्याला, इस्राएलला गेलं. आता आमच्या माहितीत आमचं एकच. पेसाह आमचा मोठा सण, मिसर देशातल्या गुलामीतनं सुटल्याचा. त्याच्या पहिल्या रात्री सगळं घर एका ताटाभोवती बसतं आणि सुटकेची गोष्ट वाचतं, त्याला सेदेर म्हणतात. आजोबांनी तो हितं सुरू केला, पप्पांनी एक वर्ष चुकवला न्हाय. ज्या वर्षी आमच्या घरी ते ताट मांडलं जाणार न्हाय, त्या वर्षी सोलापुरात ते मांडलंच जाणार न्हाय. हे वाक्य पप्पा बोलून दाखवत न्हाईत. पण दरवर्षी ताट पुसताना त्यांच्या तोंडावर ते लिहिलेलं असतं.

त्या वर्षी पेसाह शनिवारी रात्री आला. हे क्वचित होतं, आणि झालं की चांगल्या चांगल्या घरांची तारांबळ उडते. कारण असं की शब्बाथला आग पेटवायची न्हाय, विझवायची न्हाय, स्वैपाक करायचा न्हाय. शब्बाथ संपतो शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की. आणि त्याच मिनिटाला पेसाह सुरू होतो. मधे श्वास घ्यायला जागाच न्हाय, एक गाडी सुटली की त्याच रुळावर दुसरी. सणाला स्वैपाक चालतो, पण काडी ओढून नवी आग पेटवायची न्हाय. आधीच जळत असलेल्या ज्योतीवरनं लावून घ्यायची. म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी लावलेली एक ज्योत शनिवारी तारे दिसेपर्यंत जगली पाहिजे. मधे तेल घालायचं न्हाय, वात सरकवायची न्हाय, हातच लावायचा न्हाय.

ठाण्याच्या मोठ्या काकांचा फोन महिनाभर आधीच आला. काका बँकेतनं रिटायर. प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतात, पुढं सही-शिक्का मारायचा असल्यागत. फोन स्पीकरवर होता.

"अहं. यंदा तुम्ही तिघं इकडे या. असलं वर्ष तुम्हाला तिथे झेपणार नाही. आणि मी म्हणतो, यंदाच कशाला, दरवर्षीच या. आपले सगळे इथे आहेत. मुलगा मोठा झाला, चार लोकांत बसायला नको का त्यानं?"

पप्पा म्हणाले, "दादा, बाबांनी सुरू केलंय हितं."

"बाबा होते तेव्हा दहा घरं होती. आता तुम्ही अडीच माणसं."

अर्धा म्हणजे मी. मी हात वर केला, आईनं तो खाली दाबला.

पप्पा म्हणाले, "यंदा तुम्ही या. बसून बघा. काही चुकलं, काही राहिलं, तर पुढच्या वर्षापासून ताट घेऊन आमी ठाण्याला येतो."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "ताट घेऊन? एवढं कबूल करायचं काय कारण होतं?" पप्पा म्हणाले, "तोंडातनं गेलं." आणि बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसले, जी त्यांनी सकाळीच पुसली होती.

आईनं मात्र दुसऱ्या दिवशीच लोणच्याची मोठी काचेची बरणी घासायला काढली. आई पनवेलची. तिच्या माहेरी शब्बाथचा दिवा काचेच्या पेल्यात असतो, खाली पाणी, वर तेल, तेलावर तरंगती वात. तिला पेल्याऐवजी बरणी पाहिजे होती आणि खोबरेलाऐवजी करडईचं तेल. मी म्हणालो, "आई, एवढ्या तेलात गल्लीची भजी होतील." ती म्हणाली, "तेल्याची सून हाय मी. माझ्या घरात वात तेलावाचून विझली तर तोंड दाखवायला जागा न्हाय." आदल्या आठवड्यात तिनं एकदा लावून बघितली, तर दुसऱ्या दिवशी दुपारीच विझली. मग जुन्या धोतराची जाड वात वळली. ती वात किती टिकते ते बघायला मात्र वेळ उरला न्हाय.

गुरुवारी रात्री आमी मेणबत्ती घेऊन घरभर खमीर शोधलं, म्हणजे पावाचा, बिस्किटाचा चुरा. पेसाहच्या दिवसांत आंबवलेल्या पिठाचा कण घरात चालत न्हाय. एरवी हे सणाच्या आदल्या रात्री करतात, पण ती रात्र यंदा शब्बाथची, म्हणून एक दिवस अलीकडं. मी पोलिसाच्या आवाजात सोफ्याची झडती घेतली. थोरल्या मुलाचा उपास असतो, तो पण गुरुवारीच सरकला होता. आणि सेदेरला प्रश्न विचारायचे असतात सगळ्यात धाकट्यानं. आमच्या घरात थोरला पण मीच, धाकटा पण मीच. उपाशी पण मीच राहतो, प्रश्न पण मीच विचारतो.

शुक्रवारी सकाळी काका आले. एका हातात मात्साचं खोकं, म्हणजे बिनखमिराच्या कडक भाकरीचं, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद. त्यावर शब्बाथ कधी लागणार, कधी सुटणार, सगळ्या वेळा मिनिटासकट छापलेल्या. काकांनी तो भिंतीला चिकटवला आणि दोन पावलं मागं येऊन बघितला, शाखेत नवीन व्याजदर लावल्यागत.

आईनं उजनी धरणातला कटला मासा स्वच्छ करून मीठ-हळद लावून फ्रीजमधे ठेवला. फ्रीज उघडला की आतला दिवा लागतो, ते पण चालत न्हाय, म्हणून मी तो बल्ब काढला. मागच्या गॅलरीत कोळशाची शेगडी रचून ठेवली. गॅस का न्हाय, तर लावला की बंद कोण करणार? विझवायला पण बंदी. कोळसे आपले आपण विझतात. मग सूर्य बुडायच्या आधी आईनं ओट्याच्या कोपऱ्यात बरणीतली वात पेटवली, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हणाली, आणि तिथून पुढं ती वात कुणाचीच राहिली न्हाय.

शनिवारी पहाटे गल्लीत गलका होता. हनुमान जयंती होती, सूर्योदयाला देवाचा जन्म. समोरच्या आजींचा सण सुरू होऊन संपत पण आला तवा आमचा अजून दिवसभर लांब होता. मी उठल्या उठल्या स्वैपाकघरात गेलो. आई आधीच स्टुलावर बसलेली. तेल बोटभर उतरलं होतं, ज्योत ताठ.

दुपारी पप्पा, काका आणि मी, तिघंही काही काम नसताना स्वैपाकघराच्या दारात येऊन बसलो. मी हळू आवाजात कॉमेंट्री सुरू केली. "वात अजून खेळपट्टीवर टिकून आहे. समोरून वारा गोलंदाजीला येतोय. दारातला प्रेक्षकवर्ग घामाघूम." पप्पा हसले. मग मला चेव आला आणि मी काकांचा आवाज काढला. "अहं. सदर वातीनं आपली केवायसी पूर्ण केलेली नाही."

काका डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, "अहं. माझा आवाज एवढा जाड नाही."

"न्हाय काका, तो फोनमुळं वाटतो," मी म्हणालो. आईनं मला डोळ्यांनी दटावलं, पण तिचे ओठ दाबलेले होते.

चारच्या पुढं आभाळ पिवळं झालं. वळवाचं वारं सुटलं, गल्लीतला पाचोळा आणि कुणाचा तरी टॉवेल वर चढला. ज्योत आडवी झाली. पप्पा उठले आणि खिडक्या लावत सुटले, आधी स्वैपाकघराची, मग हॉलची, मग गॅलरीचं दार. ज्योत सरळ झाली. आणि वीज गेली. शुक्रवारपासनं चालू ठेवलेला हॉलचा पंखा आणि दिवा दोन्ही बंद. बाहेर बेचाळीस डिग्री, आत खिडक्या बंद, आणि चार माणसं एका वातीसाठी भट्टीत बसलेली. काकांचा शर्ट अंगाला चिकटला होता. मला वाटलं आता म्हणतील, बघा, ठाण्यात हे असलं नसतं. पण ते म्हणाले, "मासा?" आई म्हणाली, "फ्रीज उघडला न्हाय तर राहतोय अजून तीन तास." मग कुणीच फ्रीजकडं बघितलं न्हाय.

खालच्या मजल्यावरच्या चाची वर आल्या. त्यांच्या हातात मेणबत्ती आणि काडेपेटी होती. अंधार बघून त्यांनी आपणहून आणली होती. आई दारात जाऊन म्हणाली, "चाची, आज हमें हाथ नहीं लगा सकते." चाचींनी काडेपेटी लगेच पदराखाली घेतली. "हौ मा, तुम्हारा शनिवार है ना. कब छूटते?"

"तारे दिखे तो."

"हमारा बी मगरिब कोच, सूरज डूबा की, तारीख बदलती," चाची म्हणाल्या. "मैं नीचे बैठी हूँ. लगा तो आवाज देव." आणि जाताना मला म्हणाल्या, "तू क्या चूहे सरका झाँकरा रे बत्ती को?"

वारं पडलं तसं मशिदीतनं मगरिबची अजान आली. पप्पांनी मान वर केली. "बुडला," ते म्हणाले.

काका म्हणाले, "अहं. कागदाप्रमाणे अजून बुडायचा आहे."

"दादा, मगरिबची अजान सूर्य बुडल्याशिवाय होत न्हाय."

"मी अजानीवर शब्बाथ सोडू?"

तेवढ्यात बरणीतनं आवाज आला. तडतड. तेलाचा थर पातळ होऊन वातीचं बूड पाण्याला टेकलं होतं. ज्योत एकदम बारकी झाली, मग मोठी, मग बारकी. आई स्टुलावरनं उठली. तिचे हात पुढं गेले आणि तिनं ते मागं घेऊन पाठीशी धरले.

पप्पा जिन्याकडं निघाले, काका भिंतीवरचा कागद वाचून त्यांच्यामागं, आणि मी मधे, एक पाय गच्चीवर, एक स्वैपाकघरात. मी वर बातमी न्यायचो, "तडतडतीया." खाली आणायचो, "एकपण न्हाय." परत वर, "निळी झाली." परत खाली, "एक दिसला, पण पप्पा म्हणतात तो मोजायचा न्हाय, तो गुरू हाय, ग्रह." आई म्हणाली, "त्यांना म्हणावं जरा पुढं बघा." मी म्हणालो, "आई, आकाश हाय ते, बसस्टँड न्हाय." ती म्हणाली, "गप की, जा पळ."

गच्चीवर पूर्वेला चंद्र वर आलेला, पुनवेचा, धुळीनं तांबूस. पप्पांची निम्मी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली, रात्रभर वर आकाश आणि मागं रूळ. कुठला तारा कुठं उगवतो ते त्यांना माहीत हाय. दक्षिणेकडं त्यांनी बोट केलं. "एक." मग डोक्यावर. "दोन." काकांनी मनगटावरचं घड्याळ चंद्राच्या उजेडात धरलं.

"अजून बारा-एक मिनिटं आहेत," काका म्हणाले. "तोवर थांबायचं."

पप्पा म्हणाले, "दादा, तो कागद मुंबईचा."

"मग?"

"मुंबई मावळतीला हाय. तितं सूर्य आमच्यानंतर बुडतो. ती बारा मिनिटं मुंबईची हायत, आमची न्हाईत. हितं संध्याकाळ आधी होती."

पप्पा काकांपुढं एवढं सलग कधी बोलले नव्हते. आवाज चढवला न्हाय, सिग्नल सांगतात तसं सांगितलं. मला वाटलं आता काका घसा साफ करणार आणि संपलं सगळं. खालनं आईची हाक आली, "अरे काय म्हणतायत?" सगळं एका माणसाच्या मानेवर अडलं होतं, ती वर करतोय का खाली घड्याळाकडं.

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मग मान वर करून हळूहळू एका कडेपासनं दुसऱ्या कडेपर्यंत बघत गेले. लई वेळ लावला. कॅशियर नोटा मोजतो तसं. आणि मग त्यांनीच हात उचलला, उत्तरेकडं, पाण्याच्या टाकीच्या वर.

"तो बघ," ते म्हणाले. "तिसरा."

पप्पांना तो अजून दिसला नव्हता. "कुटं?"

"टाकीच्या वर. बारीक आहे, पण आहे. दिवस बदलला." आणि माझ्याकडं वळून, "उभा काय राहिलास? आईला सांग की."

काका 'की' म्हणाले. एका दिवसात सोलापूरचं पाणी लागलं होतं.

मी जिना तीन उड्यांत उतरलो. आईनं आधी ते वाक्य म्हटलं, एका पवित्र दिवसाला दुसऱ्या पवित्र दिवसापासनं वेगळं करणारा तू धन्य आहेस. मग कापसाचा पिळा बरणीत धरला. तो लगेच पेटला न्हाय. दुसऱ्यांदा पेटला. त्यावरनं तिनं सणाचे दिवे लावले, मग पिळा गॅलरीत नेऊन शेगडीतल्या चिपाडांना लावला. धूर झाला, मग जाळ. आई तिथंच पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसलं. घाम होता का काय ते मी विचारलं न्हाय.

आणि ती वात. एवढं नाटक करून ती त्यानंतर बराच वेळ तडतडत जळतच होती. काकांची बारा मिनिटं होऊन गेली तरी जिवंत. म्हणजे कागदाप्रमाणं थांबलो असतो तरी चाललं असतं. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. मी बघितलं." बस, एवढंच.

मासा नारळाच्या दुधात शिजला, भात झाला. ताट मांडलं. मात्सा, अंडं, मिठाच्या पाण्यात बुडवायची कोथिंबीर, खजुराचा रस, मनुकांचं सरबत. वीज आली नव्हती, दिव्यांच्या उजेडात सगळं पिवळं दिसत होतं. सेदेर वाचायचा मान मोठ्याचा. पप्पांनी पुस्तक, आजोबांच्या वेळचं, काकांपुढं ठेवलं. काकांनी ते उघडलं, पान काढलं, आणि परत पप्पांकडं सरकवलं.

"तू वाच."

"दादा, तुम्ही असताना?"

"घर तुझं आहे. संध्याकाळ पण तुझीच निघाली. वाच."

पप्पांनी वाचलं. ते हिब्रू वाचतात ते काकांसारखं सुरेल न्हाय, जरा गाडीच्या खडखडाटावर बोलायची सवय असल्यागत मोठ्यांदा. माझी पाळी आली तवा मी विचारलं, ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? दरवर्षी हा प्रश्न मी कुणाच्या ना कुणाच्या आवाजात विचारतो. एकदा तर रेल्वे अनाउन्समेंटवाल्या बाईच्या. त्या रात्री माझ्याच आवाजात विचारला, कारण बाकी कुणाचा सुचलाच न्हाय. खालनं चाचींच्या टीव्हीचा आवाज येत नव्हता. नंतर त्या म्हणाल्या, इन्व्हर्टरवर चालला असता, पण बंद ठेवला, पप्पांचं वाचणं ऐकू यावं म्हणून.

जेवताना काकांनी माशाचा दुसरा तुकडा घेतला आणि काटे काढत, ताटाकडंच बघत आईला म्हणाले, "पुढच्या वर्षी पहिली रात्र बुधवारी येते. वातीला एवढा ताण नाही. मी आणि तुझी जाऊ, आम्ही दोघं मंगळवारी येऊ. दोन माणसांचं जास्त होईल का?"

आई म्हणाली, "दादा, बरणी मोठी हाय."

पप्पा उठले, शेगडीवरनं भात आणला आणि काकांच्या ताटात एवढा वाढला की मासा दिसेना.